आरमारी कादंबरी लिहायची तर आधी पंचांग उघडा

साताऱ्यात बसून समुद्रावरची कादंबरी लिहायची म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: समुद्र कुठे आणि आपण कुठे? यवतेश्वराच्या पठारावर उभं राहून पश्चिमेकडे कितीही डोळे ताणले तरी समुद्र दिसत नाही, हे खरं आहे. पण मराठी आरमाराचे हुकूम, तह, वतनं आणि भाऊबंदकी यांचा मोठा हिस्सा याच गावातून पार पडला. १२ जानेवारी १७०८ रोजी शाहू महाराजांचा राज्याभिषेक साताऱ्यात झाला. १७१३-१४च्या सुमारास बाळाजी विश्वनाथांनी कान्होजी आंग्र्यांना शाहूंच्या बाजूला वळवलं, आणि त्यानंतर सरखेलांच्या, म्हणजे आरमारप्रमुख कान्होजींच्या, दौलतीचे कागद घाट चढून इथे येऊ लागले. तेव्हा गलबतावरचा अधिकारी नायक आणि साताऱ्यातल्या पेठेत त्याचं घर, ही जोडी इतिहासाला धरूनच आहे. ओढूनताणून आणलेली नाही.

अशा कादंबऱ्यांचे मसुदे फसतात ते दुसऱ्याच कारणाने. नायकाचा करारी चेहरा, नायिकेचे डोळे, शत्रूची कपटं असं सगळं रंगवून होतं, आणि मग जून महिन्यात समुद्रावर तुंबळ लढाई सुरू होते. कोकणातला कुठलाही कोळी ते पान वाचून पुस्तक मिटेल. समुद्री कथेत प्रसंग ठरवायचा अधिकार लेखकाकडे कमी आणि वारा, भरती, तिथी यांच्याकडे जास्त असतो. म्हणून पात्रांच्या आधी पंचांग मांडायचं.

सुरुवात वर्षाच्या चौकटीपासून. ज्येष्ठात पाऊस धरला की समुद्र बंद. श्रावणात नारळी पौर्णिमेला तो नावापुरता उघडतो, पण लांब पल्ल्याच्या हालचालीला खरा हंगाम दसऱ्याच्या आसपास लागतो आणि वैशाखापर्यंत चालतो. १७१५च्या सुमाराच्या ‘आज्ञापत्र’ या राज्यनीतीच्या ग्रंथात रामचंद्रपंत अमात्यांनी आरमारावर वेगळं प्रकरण लिहिलं आहे. पावसाच्या दहा-पंधरा दिवस आधीच आरमार किल्ल्याच्या आश्रयाने छावणीला न्यावं, आणि खलाशांचा एकाच गावाला जाच होऊ नये म्हणून छावणीची जागा बदलत राहावी, असं ते बजावतात. एवढ्या एका सूचनेवर कादंबरीचं अर्धं वेळापत्रक बसतं. नायक घरी येणार तो आषाढ-श्रावणात, म्हणजे साताऱ्यात धो धो पाऊस कोसळत असताना. चांदण्यातली भेट, अंगणातलं तुळशीचं लग्न, दिवाळीचा पाडवा यातलं काहीही त्याच्या वाट्याला येत नाही, कारण तेव्हा तो पाण्यावर असतो. लग्नाचे मुहूर्त निघतात तो वैशाखही आरमाराच्या हंगामाचा शेवट असतो. मुहूर्त आणि मोहीम यांच्यातली ओढाताण तिथे आयतीच मिळते, खलनायकाची गरज भासत नाही.

आता भरती-ओहोटीचं बघू. इथे सगळ्यात जास्त चुका होतात.

किनाऱ्यावरचे लोक पिढ्यान् पिढ्या एक हिशेब वापरतात: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती, दुपारीही आणि पहाटेही. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. भरतीपासून ओहोटीपर्यंत सहा तासांहून थोडा जास्त वेळ, जुन्या मापाने साडेपंधरा घटका, आणि रोज भरती सुमारे ५० मिनिटं, म्हणजे दोन घटका, पुढे सरकते.

हे समोर ठेवून एक लोकप्रिय प्रसंग तपासू. अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीला पायी गाठता येतो, हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून पौर्णिमेच्या मध्यरात्री, टिपूर चांदण्यात, नायक घोटाभर पाण्यातून चालत किनाऱ्यावर वाट बघणाऱ्या नायिकेकडे येतो. वाचायला सुंदर, पण अशक्य. पौर्णिमेच्या मध्यरात्री त्या जागी उधाणाचं पाणी असतं, पुरुषभर उंचीचं. त्या दिवशी ओहोटी लागते ती पहाटे आणि संध्याकाळी, साडेपाच-सहाला. मध्यरात्रीच ओहोटी हवी तर अष्टमीच्या आसपास जावं लागेल. पण तेव्हा भांगाचे दिवस असतात, म्हणजे पाणी चढतंही कमी आणि उतरतंही कमी. वाट पूर्ण उघडी पडत नाही, कमरेएवढं पाणी राहू शकतं. शिवाय शुद्ध अष्टमीला चंद्र मध्यरात्री मावळतो, वद्य अष्टमीला तेव्हा कुठे उगवतो.

यातला मार्ग सोपा आहे, आणि मूळ प्रसंगापेक्षा चांगला आहे. पौर्णिमेची संध्याकाळ घ्या. सूर्य समुद्रात उतरतोय, मागे डोंगरावर चंद्र वर येतोय आणि वाळू उघडी पडली आहे. नायकाकडे ओहोटीच्या टोकाच्या अलीकडे-पलीकडे फार तर तीन-चार घटका आहेत. त्यानंतर पाणी परत फिरणार. त्याला किल्ल्यात पोचायचं आहे आणि बोलणं अर्धवट आहे. घाई कुणी माणसाने लादलेली नाही, ती पाण्याने लादली आहे.

वाऱ्याचा हिशेब असाच. हिवाळ्यात रात्री उशिरापासून सकाळपर्यंत जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो, दुपारी उलट खारा वारा सुटतो, तोही बहुतेक वायव्येकडून. म्हणून विजयदुर्गाहून उत्तरेला चढणं कष्टाचं आणि कुलाब्याहून दक्षिणेला उतरणं सोपं. दोन्हींमधलं अंतर सागरी मार्गाने साधारण २३० किलोमीटर. तासाला चार सागरी मैल, म्हणजे साडेसात किलोमीटरच्या आसपास वेग धरला तर अनुकूल वाऱ्यात दीड दिवस पुरेल. उलट दिशेला तेच अंतर पहाटेच्या मतलईवर थोडं कापायचं, दुपारी नागमोडी जात थोडं मिळवायचं, संध्याकाळी वारा पडला की खाडीच्या तोंडाशी नांगर टाकायचा. चार-पाच दिवस सहज जातात. तेव्हा हुकूम मिळताच नायक ‘वाऱ्याच्या वेगाने’ उत्तरेला निघाला असं लिहू नये. वारा त्याच्या तोंडावर असतो.

जहाजांची नावंही सरमिसळ होतात. गुराब, गलबत, पाल, शिबाड, मचवा ही सगळी वेगवेगळी तारवं. लढाईची खरी जोडी गुराब आणि गलबत. आज्ञापत्राच्या मांडणीत पाच गुराबा आणि पंधरा गलबतं मिळून एक सुभा, त्यावर सुभेदार. गुराब बहुधा दोन डोलकाठ्यांची, दीडशे टनांच्या आतली. तीन डोलकाठ्यांची मोठी गुराब तीनशे टनांपर्यंत. तळ उथळ, त्यामुळे खाडीत खूप आत शिरता येतं आणि मोठं विलायती जहाज मागे येऊ शकत नाही. लांबीच्या मानाने रुंदी भरपूर, पुढे निमुळती होत गेलेली आणि टोकाला पाण्यावर लांब पुढे आलेली नाळ. या नाळेला बाजूचे कठडे नसतात. समोरून लाट आली की गुराब जोरात डुबते, नाळ पाण्याखाली जाते आणि उठताना वरचं सगळं पाणी दोन्ही अंगांनी ओघळून जातं. कठडे असते तर पाणी अडकलं असतं आणि त्याच्या वजनाने पुढचं अंग उठलंच नसतं. नायकाला नाळेच्या टोकाशी उभं करून क्षितिजाकडे बघायला लावणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की भर वाऱ्यात तिथे उभा राहिलेला माणूस पहिल्या दोन लाटांत जाईल.

नाळेच्या मागे, पुढच्या डेकाखाली, समोर तोंड केलेल्या दोन तोफा: नऊ किंवा बारा पौंडी. गोळा चार ते साडेपाच किलोचा. बाजूच्या तोफा सहा ते नऊ पौंडी. पुढच्या तोफा नाळेवरून मारा करतात आणि मागचा धक्का जहाजाच्या लांबीवर जातो. त्यामुळे हलकं जहाज आडवं कलत नाही आणि दुसरा नेम लवकर धरता येतो.

गलबत म्हणजे गुराबेचं धाकटं भावंड, क्वचितच सत्तर टनांच्या वर. मोठं त्रिकोणी शीड आणि चाळीस-पन्नास वल्ही. वल्ह्यांवर तासाला चार मैल. वारा पडला की हीच गलबतं दोर लावून गुराबांना ओढत नेतात. शांत समुद्रात विलायती जहाज लाकडाच्या ओंडक्यासारखं अडकून पडतं आणि मराठी आरमार तेव्हाच हालचाल करतं. कादंबरीतला सगळ्यात भीतिदायक क्षण वादळाचा असलाच पाहिजे असं नाही. शीड लोंबतंय, समुद्र तेलासारखा गुळगुळीत आहे आणि दूरवरून वल्ह्यांचा एका ठेक्यातला आवाज येतोय, ही शांतता जास्त अंगावर येते.

पाठलागाची पद्धत ठरलेली होती. शिकारीच्या बाजूला कधी जायचं नाही, कारण तिच्या तोफांच्या रांगा बाजूंना असतात. मागे यायचं. तिथून तिच्या तिन्ही डोलकाठ्या एका रेषेत आल्या की नाळेमागच्या तोफा डागायच्या. एक डोलकाठी हुकली तर दुसरी, तिसरी लागण्याची शक्यता. डोलकाठी पडली की शीड, परबाण (शीड बांधायची आडवी काठी) आणि दोरखंड यांचा ढीग डेकवर आणि पाण्यात कोसळतो, जहाज फिरेनासं होतं. मग गुराबा जवळ येऊन चहूबाजूंनी मारा करतात. तरीही शरण आलं नाही तर गलबतं सुटतात आणि माणसं तलवारी घेऊन एकाच वेळी सगळीकडून वर चढतात.

तोफ भरण्याचं काम मात्र संथ आहे, आणि ते संथच लिहावं. आधी काठीला बांधलेलं ओलं पोतेरं नळीत फिरवून आतली ठिणगी विझवायची. मग मापाने दारू, ती गजाने ठासायची. मग गोळा, त्यामागे चिंध्यांचा बोळा, म्हणजे जहाज पुढे कललं तरी गोळा घरंगळत बाहेर यायचा नाही. मग तोफेच्या कानात, म्हणजे मागच्या बारीक भोकात, सळई घालून वाट मोकळी करायची, बारीक दारू भरायची आणि तोडा, म्हणजे जळती वात, लावायचा. कसलेल्या गोलंदाजांनाही एका बाराला दोन-तीन मिनिटं लागतात. घाईत पोतेरं फिरवायचं राहिलं तर ओतता ओतताच दारू पेट घेते आणि गज धरणाऱ्याचा हात जातो. नाळेवरून आलेलं पाणी कानात गेलं तर तोडा लावूनही फक्त फुसकी वाफ निघते. ऐन मोक्याला तोफ न उडणं हा प्रसंग अशा कथेत एकदा तरी यावा, आणि त्याचं कारण पानभर आधी दिसलेलं असावं.

पिण्याचं पाणी बहुतेक लेखक विसरतात. वल्ही मारणाऱ्या माणसाला दिवसाला चार लिटर तरी लागतं. साठ माणसांच्या गलबतावर दहा दिवसांचं पाणी म्हणजे २४०० लिटर, जवळपास अडीच टन. चढाईसाठी दोनशे माणसं कोंबली तर रोजचं ८०० लिटर. म्हणजे एवढी गर्दी एक-दोन दिवसांच्या कामासाठीच नेता येते. आरमार किनाऱ्याला धरून राहायचं यामागे हा हिशेबही आहे. दर थोड्या अंतरावर खाडी, खाडीवर किल्ला, किल्ल्यात गोड्या पाण्याची विहीर.

लाकूड सागवानी. आज्ञापत्रात आंबा-फणसाला हात लावू नका, असं स्पष्ट सांगितलं आहे: ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेनं लेकरांसारखी वाढवलेली असतात. नायक जर जहाजबांधणीसाठी लाकूड मिळवत फिरत असेल आणि त्याच्यासमोर एखाद्या विधवेच्या परसातला जुना फणस आला, तर त्याची परीक्षा तिथेच होते. तलवार काढावी लागत नाही.

आता प्रेमाचं. जहाजावरच्या माणसाचं प्रेम पत्रातून चालतं असं गृहीत धरलं जातं. पण पत्र लिहितो कोण? मोडी लिहिणारा कारकून. नायक तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, असो वा सुभेदार, सांगणारा तो आणि लेखणी दुसऱ्याच्या हातात. साताऱ्यात पत्र पोचलं की वाचून दाखवणाराही बहुधा तिसराच, सासऱ्यांच्या समोर बसून. अशा पत्रात ‘प्रिये’ येऊच शकत नाही. क्षेम, तिथी, देण्याघेण्याचा तपशील, ‘बहुत काय लिहिणे’ आणि संपलं. नायिकाही नवऱ्याचं नाव घेणार नाही, ‘तिकडून येणं कधी होईल’ एवढंच विचारेल. तेव्हा जिव्हाळा लपवायचा तो वस्तूंच्या यादीत. नारळ किती पाठवले, कुणासाठी किती, त्यातला एक वेगळा का मोजला. दोघांनी आधी ठरवलेली एखादी खूण त्या यादीत बसवा, कारकुनाला फक्त हिशेब दिसेल.

पत्राला लागणारा वेळही मोजून घ्यावा. चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून हेळवाक, पाटण करत साताऱ्याला यायचं म्हणजे शंभरावर किलोमीटर. जासूद रोज चाळीस किलोमीटर चालला तरी तीन दिवस. पावसात कोयना फुगली की किती, ते नदी ठरवणार. कान्होजींचा मृत्यू ४ जुलै १७२९चा, म्हणजे ऐन पावसातला. ती बातमी घेऊन घाट चढणारा जासूद हे कादंबरीचं पहिलं प्रकरण होऊ शकतं. सगळ्या राज्यात त्या वेळी कुणाला काय माहीत आहे आणि कुणाला नाही, यावरच पुढचं राजकारण उभं आहे.

साताऱ्याजवळचं धावडशीही अशा लेखकाने नीट पाहावं. पेशव्यांचे गुरू ब्रह्मेंद्रस्वामी आधी चिपळूणजवळ परशुरामाला होते. १७२७ साली जंजिऱ्याच्या सिद्दीचा सरदार सिद्दी सात याने ते देवस्थान उद्ध्वस्त केलं आणि स्वामी घाटावर येऊन धावडशीला राहिले. शाहू महाराज, पेशवे, आंग्रे या सगळ्यांशी त्यांचा पत्रव्यवहार होता आणि कर्जाऊ पैशांचाही व्यवहार होता. साताऱ्याच्या द. ब. पारसनीसांनी त्यातली पत्रं छापून ठेवली, त्यामुळे त्या काळातली माणसं एकमेकांशी कशी रुसायची आणि कशी मागणी करायची ते थेट वाचता येतं. संवादाची भाषा तिथून उचलावी, नाटकांतून नको.

एका बाबतीत मात्र ठाम राहावं. १७१२ साली कारवारहून मुंबईला निघालेल्या इंग्रज जहाजांवर आंग्र्यांच्या आरमाराने झडप घातली. त्यात टॉमस चाऊन मारला गेला आणि त्याची तरुण, गरोदर बायको कॅथरीन कुलाब्यात कैद झाली. १७१३च्या सुरुवातीला ३०,००० रुपयांच्या खंडणीवर तिची सुटका झाली. या घटनेवरून ‘कैदी गोरी स्त्री आणि रुबाबदार मराठा अधिकारी’ अशी प्रेमकथा रचण्याचा मोह होतो. तो आवरावा. नुकताच नवरा गमावलेल्या, पोटुशी, खंडणीच्या बोलणीत अडकलेल्या बाईवर प्रेम लादणं हा तिच्यावर अन्याय आहे आणि नायकावरही. तिच्या दाराशी पहारा करणारा, तिला भाषा कळत नसताना गरम पाणी पाठवणारा आणि हंगाम संपून घरी गेल्यावर ते बायकोला सांगू न शकणारा अधिकारी दाखवला, तर तो माणूस खरा वाटतो.

काळ कोणता निवडावा असं विचाराल, तर १७३३. जंजिऱ्याच्या सिद्दीविरुद्धची मोहीम. बाजीराव मे महिन्याच्या सुरुवातीला राजपुरीवर उतरले, आणि जूनमध्ये पाऊस. हातात जेमतेम महिना. जंजिऱ्याभोवती कायम पाणी, तिथे ओहोटीची वाट नाही, जमिनीवरची फौज काठावर उभी राहून बघणार. आरमाराशिवाय इलाज नाही आणि आरमाराचा हंगाम संपत आलेला. ८ जूनला रायगड प्रतिनिधींच्या, म्हणजे शाहूंच्या दरबारातल्या पेशव्यांच्या प्रतिस्पर्ध्याच्या, बाजूला मिळाला, त्यावरून मानापमान सुरू झाले, आणि ऑगस्टमध्ये कान्होजींचे पुत्र सेखोजी आंग्रे वारले. मग भावांत फूट, १७३५ साली मानाजी कुलाब्याला आणि संभाजी दक्षिणेला. नायक नेमका कुणाच्या चाकरीत राहणार, हा प्रश्न त्याच्या घरापर्यंत येतो. सासर एका बाजूचं, सुभा दुसऱ्या बाजूचा.

शेवटी एक वस्तू. साताऱ्याच्या नायिकेने नवऱ्याला काय द्यावं, तर माणदेशी घोंगडी. लोकर भिजली तरी ऊब देते, रात्रीच्या मतलईत ती शेल्यापेक्षा कामाची. हंगामभर खाऱ्या पाण्याने भिजून ती आषाढात परत येते. उन्हात वाळवली की कोरडी वाटते, पण मीठ हवेतला ओलावा ओढत राहतं. त्यामुळे साताऱ्याच्या पावसात खुंटीवर टांगलेली घोंगडी आपोआप ओली होते आणि तिला समुद्राचा वास सुटतो. वेण्णेच्या गोड्या पाण्यात दोनदा खळबळून काढली की मीठ जातं. सासू दोनदा सांगते, आणि ती धुवायला नेत नाही.